एडिसन ते अर्बाना : आठ माणसांच्या स्थलांतराच्या नोंदी

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

नेमणुकीचं पत्र आलं. इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना-शॅम्पेन. एका संशोधन गटाच्या संगणकप्रणालीचं काम, ऑगस्टच्या मध्यावर रुजू व्हायचं. नवऱ्याचं काम घरून चालतं आणि त्याच्या कंपनीची हरकत नाही. म्हणजे हातात सहा महिने आहेत. नोकरीत प्रत्येक कामाच्या नोंदी मी पहिल्या दिवसापासून ठेवते, घराच्या या कामाच्याही ठेवणार.

जाणारी माणसं आठ. आम्ही दोघं. थोरली पंधराची, मधला अकराचा, धाकटी ऑगस्टमध्ये पाच पूर्ण करेल. आई म्हणजे सासूबाई ६९, अण्णा म्हणजे सासरे ७४. आठवा नणंदेचा मुलगा. त्याला याच विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळालाय, तो लातूरहून थेट तिकडेच येईल. खरं तर त्याचा प्रवेश आधी झाला आणि माझा अर्ज नंतर गेला. पोरगं एकटं राहण्यापेक्षा घरात राहील, हा विचार त्यामागे होताच.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना सांगितलं. थोरली उठून खोलीत गेली. आईंनी विचारलं, "तिथं आपली माणसं हैत का?" अण्णांनी विचारलं, "जमीन कशी आहे?"

३ मार्च, रविवार

दोन आठवडे घरांच्या जाहिराती बघत होते. खोल्या किती, चौरस फूट किती, शाळेला गुण किती. आज ते सगळं बाजूला ठेवलं, कागदावर आठ माणसं लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला : हे माणूस कुणालाही गाडी काढायला न लावता घरातून निघून कुठे जाऊ शकेल?

इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये याची उत्तरं आहेत. आई ओक ट्री रोडवर चालत जातात, कोथिंबीर आणि चार बायकांची खबरबात घेऊन येतात. अण्णांचा बागेतला बाक ठरलेला आहे. थोरलीच्या मैत्रिणी दोन गल्ल्या सोडून राहतात. गाडी चालवणारे मात्र आठांत आम्ही दोघंच. मिडवेस्टातल्या छोट्या गावात मोठं घर घेतलं आणि ते बसपासून, दुकानापासून लांब असलं, तर सहा माणसं दिवसभर आमची वाट बघत बसतील. मुलं तरी शाळेत जातील. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

यावरून आज नवऱ्याशी बराच वाद झाला. त्याचं मत महोमेटच्या बाजूने आहे. शॅम्पेनपासून दहा मैलांवरचं गाव, नवी घरं, मोठं अंगण, तीन गाड्यांचं गॅरेज, आणि तेवढ्याच पैशात एक खोली जास्त. त्याचं म्हणणंही चुकीचं नाही, आठ माणसांना जागा लागतेच. पण शहर बस महोमेटला जात नाही. शॅम्पेन आणि अर्बाना ही एकमेकांना चिकटलेली जुळी गावं. दोन्ही मिळून सव्वा लाखाच्या आसपास वस्ती, तरी बस मात्र एखाद्या मोठ्या शहराला शोभावी अशी, कारण हजारो विद्यार्थी गाडीशिवाय राहतात. कॉलेजच्या गावाचा हा फायदा आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना मिळू शकतो. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर मला आणि भाच्याला तिकीट पडणार नाही. ६५ च्या पुढच्या माणसांनाही कार्ड काढलं की प्रवास फुकट.

शेवटी दोघांनी मान्य केलेला नियम : बसचा थांबा आईंच्या चालीने पाच मिनिटांत, तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून अंघोळीसह पूर्ण बाथरूम. बाकी सगळं तडजोडीत.

२४ मार्च, रविवार, शॅम्पेन

पाहणीसाठी आलोय. मी, अण्णा आणि थोरली. शिकागोपर्यंत विमान, मग युनियन स्टेशनहून रेल्वे, जवळजवळ तीन तास. थोरली कानात बोंडं घालून बसली होती. अण्णा खिडकीला. मार्चमध्ये शेतं मोकळी असतात, मक्याची खुंटं उभी आणि मधे काळी माती. कँककीच्या पुढे अण्णा एकदम म्हणाले, "ही तर आपल्यापेक्षा काळी आहे." औसा तालुक्यातल्या काळ्या रानात ज्याने चाळीस वर्षं काढली, त्याने हे म्हणणं म्हणजे मोठी गोष्ट. इकडच्या मातीचं नाव ड्रमर. राज्याचं फूल, राज्याचा पक्षी असतो तशी ही इलिनॉयची राज्यमाती आहे.

विद्यापीठात आधी त्यांना मॉरो प्लॉट्सवर नेलं. इमारतींच्या गर्दीत मधोमध राखलेला शेताचा तुकडा. १८७६ पासून तिथे मक्याचे प्रयोग अखंड चालू आहेत, अमेरिका खंडातलं हे सगळ्यात जुनं प्रायोगिक शेत. शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. अण्णांनी कुंपणाबाहेरूनच वाकून ढेकूळ बघितलं आणि ग्रंथालयाची गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकून घेतली. संध्याकाळी फोनवर आईंना पहिली बातमी हीच गेली.

दुपारी नवऱ्याच्या आग्रहाखातर एक नवी वसाहत बघितली. घर सुंदर होतं. तळमजल्यावर खोली, मोठं स्वयंपाकघर, सगळीकडे उजेड. अण्णा पायरीवर बसले आणि बराच वेळ समोर बघत राहिले. रस्ता रुंद, घरं सुटी सुटी, दारं बंद, माणूस एकही नाही. परत येताना बोलले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अण्णांचं गाव गेलं. अण्णा तेव्हा ४३ वर्षांचे, माझा नवरा शाळकरी. नंतर सरकारने कितीतरी गावं नव्या जागी वसवली, त्यात त्यांचंही होतं. ही हकिगत मी अनेकदा ऐकली आहे, पण आजची बाजू पहिल्यांदा ऐकली. "पुनर्वसनात घर पक्कं मिळालं, बाई. रस्ते रुंद मिळाले. पण जुन्या गावात दारात बसलं की गाव दिसायचं. नव्या गावात दारात बसलं की रस्ता दिसायचा. तुझ्या सासूला पाण्याला जायची वाट राहिली नाही, मग बायकांचं बोलणंच तुटलं. वर्षभर ती कुणाशी धड बोलत नव्हती."

रात्री हे नवऱ्याला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, महोमेट राहू दे.

१४ एप्रिल, रविवार

इथलं घरांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या कॅलेंडरवर चालतं, हे उशिरा कळलं. कॅम्पसजवळची भाड्याची घरं आदल्या हिवाळ्यातच ठरून जातात. जुने करार ऑगस्टच्या सुरुवातीला संपतात, नवे मध्यानंतर सुरू होतात. मधल्या दिवसांत अर्धं गाव गाद्या आणि टेबलं घेऊन फूटपाथवर असतं. आमच्यासारख्या कुटुंबाने त्या आठवड्यांत गावात शिरू नये. जुलैतच पोचायचं.

कॅम्पसच्या कडेला सहा-सहा खोल्यांची जुनी दुमजली घरं आहेत आणि कागदावर ती आम्हाला अगदी योग्य वाटतात. पण त्यातली बरीचशी खोलीवार विद्यार्थ्यांना दिलेली, एकेका दाराला वेगळं कुलूप, वर स्वयंपाकघर एवढंसं. आठ माणसांच्या एका चुलीसाठी ती बांधलेली नाहीत. शिवाय शनिवार रात्रीचा गलका. ती यादी पुसली.

१२ मे, रविवार

घर मिळालं. अर्बानात, रेस स्ट्रीटच्या जवळ, फ्लोरिडा अव्हेन्यूच्या आसपास. १९५० च्या दशकातलं, विटांचं, बाहेरून साधं. वर तीन खोल्या, खाली दोन, त्यातली एक बाथरूमसकट. खाली तळघर. बसचा थांबा चार मिनिटांवर. उत्तरेला एक मैलावर अर्बाना फ्री लायब्ररी, दक्षिणेला एक मैलावर मेडोब्रुक पार्क. मैलाचे हे आकडे मी गोळाबेरीज करून लिहिलेले नाहीत. इथली जमीनच १७८५ च्या कायद्याने मैला-मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे, म्हणून मोठे रस्ते मैलामैलावर येतात.

किमतीपेक्षा मला मालमत्ता कराची जास्त काळजी होती. इथे तो वर्षाला घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या वर जातो. न्यू जर्सीतून येणाऱ्याला धक्का बसत नाही, पण घर स्वस्त आहे म्हणून हिशेबात कर विसरायचा नाही. शिवाय इलिनॉयमध्ये कर एक वर्ष मागे चालतो, या वर्षी भरतो तो गेल्या वर्षाचा. त्यामुळे विकणाऱ्याने आपल्या वाट्याची रक्कम व्यवहाराच्या दिवशी आम्हाला वळती केली पाहिजे. वकिलाने ते करारात नीट लिहून घेतलं. या राज्यात घर घेताना वकील लावायची रीत आहे आणि ती मोडू नये.

तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. पहिली, रेडॉन. जमिनीतून तळघरात येणारा हा वायू दिसत नाही, वास येत नाही, पण फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. प्रतिलिटर ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त निघाला तर उपाय करा, असं केंद्रीय पर्यावरण खातं सांगतं. आमचा ६ च्या वर निघाला. फरशीखालून पाइप घालून, पंखा लावून वायू छपरावर सोडायचा. खर्च विकणाऱ्याकडून मान्य करून घेतला.

दुसरी, संप पंप. तळघराच्या कोपऱ्यात खड्डा आणि त्यात पंप. जमिनीतलं पाणी साचलं की तो आपोआप उपसून बाहेर टाकतो. व्हिडिओ बघून अण्णा म्हणाले, "पाणी फेकून देतात?" हो. हा सगळा प्रदेश मुळात पाणथळ गवताळ. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी जमिनीखाली मातीचे पाइप पुरले, जादा पाणी ओढ्यांत सोडलं, तेव्हा कुठे इथे मका उभा राहिला. आजही इथल्या बहुतेक शेतांखाली असे पाइप आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आलं तेव्हा अण्णा नणंदेकडेच होते. त्या पंपाच्या खड्ड्याचा व्हिडिओ त्यांनी तीन वेळा बघितला.

२ जून, रविवार

कागदपत्रांचा आठवडा. ज्याने त्रास दिला तेवढंच लिहिते.

शाळा : दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मुलांना इलिनॉयच्या नमुन्यातला आरोग्य तपासणीचा दाखला लागतो. बालवाडी आणि सहावीला तो तसाही लागतोच, म्हणजे धाकटी आणि मधला दोन्ही बाजूंनी सापडले. राज्यात पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्याला डोळ्यांची तपासणी वेगळी. इथल्या डॉक्टरांकडून फॉर्म आत्ताच भरून घेतोय, कारण तिकडे नव्या रुग्णाला वेळ कधी मिळेल याचा भरवसा नाही. धाकटीचा वाढदिवस २२ ऑगस्ट. १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण हवीत, दहा दिवसांनी बसली.

आई-अण्णांचा विमा : ग्रीन कार्ड २०२२ चं. सलग पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, नाही. न्यू जर्सीत सरकारी विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) घेतलेला विमा राज्याच्या हद्दीवर संपतो. राज्य बदललं की नवा विमा घ्यायला ६० दिवस मिळतात, मात्र आधीचा विमा चालू असल्याचा पुरावा लागतो. म्हणून जुना विमा महिनाअखेरपर्यंत बंद करायचा नाही. अर्बानात दोन मोठी रुग्णालयं आहेत, कार्ल आणि ओ.एस.एफ. कुठल्या योजनेत कुठलं रुग्णालय बसतं हे आधी बघायचं, हप्ता नंतर. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दोघांच्याही तीन महिन्यांच्या भरून ठेवल्या.

थोरली अजून नीट बोलत नाही. दहावीचं वर्ष, सगळ्या मैत्रिणी इथे. मी तिची समजूत घालणं थांबवलंय, कारण तिचं दुःख खरं आहे. आज एक गोष्ट मात्र तिने स्वतः शोधून आणली. न्यू जर्सीत शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, इलिनॉयमध्ये शाळेचा ड्रायव्हिंगचा वर्ग घेतला तर पंधराव्या. मला दाखवलं आणि विचारलं, हे खरं आहे का? खरं आहे.

२३ जून, रविवार

राज्याबाहेरच्या सामानाची वाहतूक वजनावर आणि अंतरावर ठरते. म्हणून प्रत्येक जड वस्तू आठशे मैल न्यायची का, हा प्रश्न. पुस्तकांची सहा खोकी ग्रंथालयाला दिली. दोन कपाटं रस्त्याकडेला ठेवली, तासाभरात गेली. आईंच्या पाट्या-वरवंट्यावर नवऱ्याने बोट ठेवलं तेव्हा आई काही बोलल्या नाहीत, फक्त पाटा पुसून उभा करून ठेवला. तो भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघालेला पाटा आहे. व्हॅनमध्ये, मागच्या सीटखाली जाईल. ट्रकमध्येसुद्धा टाकणार नाही.

अंगणातल्या सामानाची जबाबदारी अण्णांकडे. न्यू जर्सीत ठिपक्यांच्या लँटर्नफ्लाय या किडीचा उपद्रव आहे आणि आमच्या मिडलसेक्स काउंटीतून बाहेर जाणारी प्रत्येक उघड्यावरची वस्तू तपासूनच न्यावी लागते. सायकली, शेगडी, खुर्च्या, कुंड्या. अण्णा भिंग घेऊन दोन दिवस बसले. खुर्चीच्या पायाखाली लाल-काळी पिल्लं सापडली. जिथे एवढं चांगलं रान आहे तिथे आपण कीड घेऊन जायची नाही, म्हणाले. कुंड्या कुणाला तरी दिल्या. तुळस तेवढी मुळं धुऊन, नव्या मातीत लावून, सोबत.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. स्वयंपाकघर खोक्यांत गेलेलं. एका कढईत साबुदाण्याची खिचडी, कागदी ताटल्या. सामान उद्या निघेल.

२० जुलै, शनिवार, अर्बाना

पोचलो. काल पहाटे निघालो, सात जण दोन गाड्यांत. ओहायोतल्या कोलंबसला रात्री मुक्काम, आज दुपारी घर. न्यू जर्सीची हद्द ओलांडल्यावर पहिल्या पंपावर थोरलीने हट्टाने स्वतः पेट्रोल भरलं. जन्मापासून तिने ते काम पंपावरचा माणूसच करताना बघितलंय, कारण त्या राज्यात स्वतः भरायला परवानगी नाही.

इंडियानापोलिसच्या पुढे दोन्ही बाजूंना मका, माणसाच्या डोक्याच्या वर. मधे मधे सोयाबीन. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी ओळींतलं अंतर पावलांनी मोजलं, शेंगा बघितल्या. "आपल्याकडं आत्ता कुठं उगवून आलंय," म्हणाले. लातूरला पेरा जूनच्या पावसावर, इथे एप्रिल-मेमध्येच. डॅनव्हिलच्या अलीकडे राज्याची हद्द लागली आणि घड्याळं एक तास मागे गेली. धाकटीने विचारलं, हा तास कुणी दिला?

२७ जुलै, शनिवार

ट्रक अजून आलेला नाही. कंपनीने दोन ते नऊ दिवस सांगितले होते, आठवा चालू आहे आणि फोनवर रोज वेगळा माणूस वेगळी तारीख सांगतो. सात माणसं सतरंज्या आणि वाकळांवर. आईंच्या गुडघ्यांना जमिनीवर झोपणं जमत नाही, म्हणून पहिल्याच रात्री बाजारातून त्यांच्यासाठी पलंग आणला. पुढे कुणी असा मुक्काम हलवला तर माझा सल्ला : म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण, आठवड्याची औषधं, प्रेशर कुकर आणि मूळ कागदपत्रं ट्रकवर सोडायची नाहीत. आम्ही कागदपत्रं आणि कुकर आणला, अंथरूण विसरलो.

रिकाम्या घराचा एक फायदा झाला. शेजारच्या वयस्कर बाईंनी आम्हाला जमिनीवर जेवताना खिडकीतून बघितलं आणि टेबल, सहा खुर्च्या आणून दिल्या. आईंनी त्यांना थालीपीठ दिलं. भाषा एकही सामाईक नाही. दोघी व्हरांड्यात अर्धा तास बसल्या.

आई-अण्णांच्या पत्त्याची नोंद इमिग्रेशन खात्याकडे केली. घर बदलल्यावर दहा दिवसांत करावी लागते.

३० जुलै, मंगळवार

ट्रक आला. एक खोकं फुटलं, आत काचेच्या बरण्या होत्या. पुढे.

६ ऑगस्ट, मंगळवार

आजची चूक माझी आहे आणि सविस्तर लिहायला हवी.

इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला टॉर्नेडोच्या भोंग्यांची चाचणी होते. मला हे मार्चपासून माहीत होतं. घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

दहाला भोंगा वाजला. लांबलचक, चढत जाणारा. मी वरच्या खोलीत होते. खाली आले तर अण्णा धाकटीला उचलून परसात मधोमध उभे होते, झाडांपासून आणि भिंतींपासून लांब, आणि आईंना हाका मारत होते. आई दाराच्या चौकटीत गजाला धरून थरथरत होत्या. पायऱ्या उतरता येईनात. अण्णांना जे शरीरात बसलंय तेच त्यांनी केलं : जमीन हलली की उघड्यावर यायचं.

भोंगा थांबल्यावर सांगितलं की ही चाचणी होती. खरा वाजला तर याच्या उलट करायचं. बाहेर यायचं नाही, तळघरात जायचं, खिडक्यांपासून लांब.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जमिनीखाली जायचं? दगडामातीखालून माणसं काढली मी. हातानं काढली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी नवरा त्यांना घेऊन तळघरात गेला आणि दोघं तास-दीड तास खालीच होते. गावाकडचं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांबांवर तुळया, वर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती चढायची. भूकंपाच्या रात्री तेच वजन माणसांवर आलं. इथे वर मातीचं वजन नाही. विटा फक्त बाहेरचा पापुद्रा, आत सगळी लाकडी चौकट. तळघराच्या भिंती काँक्रीटच्या. अण्णांनी तुळया ठोकून बघितल्या, त्यांच्यातलं अंतर टेपने मोजलं, पंपाचा खड्डा उघडून आतलं पाणी बघितलं. वर आल्यावर एवढंच म्हणाले, जिना बरा नाही, एकाच बाजूला कठडा आहे.

११ ऑगस्ट, रविवार

भाचा आला. शिकागोहून बसने. अभ्यासक्रमाच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर विद्यार्थ्याला देशात येता येत नाही, त्या हिशेबाने तिकीट काढलं होतं. दोन बॅगांपैकी एक पूर्ण आईंची निघाली : काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पिठाची पिशवी. नणंदेने भाच्यापेक्षा आईचं सामान जास्त पाठवलंय. आता घरात आठ.

२४ ऑगस्ट, शनिवार

शाळा सुरू झाल्या. मधला पहिल्याच दिवशी रुळला, धाकटी तीन दिवस रडली. थोरलीला ड्रायव्हिंगच्या वर्गात जागा मिळाली. जेवताना तिने एका मुलीचं नाव घेतलं. मी पुढे काही विचारलं नाही.

आई-अण्णांचा नवा विमा १ ऑगस्टपासून लागू आहे, पण एका दवाखान्याने नव्या रुग्णासाठी थेट नोव्हेंबरची तारीख दिली. गोळ्या ऑक्टोबरमध्ये संपतात. दुसरीकडे रद्द झालेल्या वेळेच्या यादीत नाव घातलंय, रोज सकाळी फोन करते.

आज शनिवारचा बाजार, मार्केट ॲट द स्क्वेअर. मेपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी सकाळी सात ते बारा, शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. आई आणि अण्णा बसने गेले. दोघंच. बसचं कार्ड गेल्या आठवड्यात मिळालं. मी थांब्यापर्यंत सोडायला निघाले तर आईंनी हाताने मागे फिर म्हटलं. साडेदहाला परत आले. मक्याची बारा कणसं, भेंडी, आणि एका शेतकऱ्याशी झालेल्या बोलण्याची हकिगत. तो सोयाबीनवाला निघाला. अण्णांना इंग्रजी फारसं येत नाही. "भाव विचारला, पाऊस विचारला, अजून काय लागतं," म्हणाले.

मेडोब्रुक पार्कमध्ये उद्यान खात्याचे भाजी लावायचे वाफे आहेत, भाड्याने मिळतात. यंदाचे गेले. पुढच्या वसंतासाठी अण्णांचं नाव घालायचं. तोवर परसात मेथी.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसला, आज उठला. १९९३ साली विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे ते झालं. त्या वर्षापासून या घरात दीड दिवसाचाच असतो. परसात बादलीत विसर्जन केलं, माती मेथीच्या वाफ्यात घातली. शेजारच्या बाई आरतीला आल्या होत्या, टाळ मधल्याने त्यांच्या हातात दिले.

शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट जेवताना सांगितली. रवींद्रनाथ टागोरांचा मुलगा रथींद्रनाथ याच विद्यापीठात शेती शिकला, आणि १९१२-१३ चा हिवाळा रवींद्रनाथ याच अर्बानात मुलाजवळ राहिले होते. आईंनी विचारलं, "थंडीत बाहेर जायचे का?" ते मला माहीत नव्हतं. पण त्यांना काळजी कशाची आहे ते कळलं. या आठवड्यात दोघांचे बर्फातले बूट घ्यायचे, मापं थंडी पडायच्या आत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

काल ३० सप्टेंबर. अण्णा दरवर्षीप्रमाणे पहाटे चारच्या आधी उठून बसले. मीही उठले, चहा केला. बोललो नाही.

आज महिन्याचा पहिला मंगळवार. घरी मी, आई आणि अण्णा. गेले दोन आठवडे नवरा आणि अण्णा तळघरात काम करत होते : भिंतीला बाक, त्यावर वाकळ, पाण्याचे कॅन, विजेरी, बॅटरीचा रेडिओ, गोळ्यांचा डबा. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा अण्णांनी स्वतः बसवला. पाटा तिथेच खाली ठेवलाय, बाकाच्या शेजारी. आईंनी ठेवला.

दहाला भोंगा वाजला. अण्णा आधी उठले. आईंचा हात धरला, दार उघडलं, दोघं एकेक पायरी उतरले. मी घड्याळ लावून मागे. स्वयंपाकघरापासून बाकापर्यंत ५२ सेकंद. भोंगा संपेपर्यंत तिघं बाकावर बसलो. बाहेर दक्षिणेकडे विद्यापीठाच्या शेतांत काढणी चालू आहे. वर आल्यावर खिडकीतून धूळ दिसत होती.

अण्णांनी नोंदवहीत लिहायला सांगितलेलं : खालून तिसरी पायरी आईंना उंच पडते, तिथे फळी. पुढच्या मंगळवारच्या आत.